पावणेदोनशे म्हणजे किती

शाळेत मला माझ्या नावाने कोणी ओळखत नाही. मुलं मला माघारी समजलंबाई म्हणतात. माघारी असं त्यांना वाटतं. जिन्यात आवाज किती घुमतो हे त्यांना कुठे ठाऊक आहे! नाव पडायचं कारण उघड आहे. सव्वीस वर्षं मी पाचवीला गणित शिकवतेय आणि दर दोन वाक्यांनी माझ्या तोंडून ‘समजलं?’ बाहेर पडतं. वर्ग एका सुरात ‘हो बाऽई’ म्हणतो आणि मी पुढच्या गणिताला हात घालते. इतकी वर्षं हे गाडं बिनबोभाट चाललं होतं.

मग शाळेत सातमोजे आले.

म्हणजे आले ते प्रशिक्षक. आम्हा जुन्या खोडांना नव्या पद्धती शिकवायला मुख्याध्यापिकांनी त्यांना आठवडाभरासाठी बोलावलं होतं. सोमवारी सगळे शिक्षक मुलांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसलो आणि माझ्या भाच्याच्या वयाचा तो माणूस पडद्यावर ‘आजच्या वर्गातलं परिणामकारक अध्यापन’ अशी अक्षरं दाखवत उभा राहिला. त्याचं म्हणणं असं, की प्रश्न विचारल्यावर लगेच कोणाचं नाव घ्यायचं नाही. गप्प राहायचं आणि मनात सात मोजायचे. माझ्या शेजारच्या चित्रकलेच्या सरांनी वहीच्या कोपऱ्यात सात पायमोजे काढले आणि दोरीवर वाळत घातले. मधल्या सुट्टीपर्यंत त्या बिचाऱ्याचं नाव पक्कं झालेलं होतं.

दुसरी गोष्ट त्याने सांगितली ती अशी, की उत्तर बरोबर येवो नाहीतर चूक, आपला चेहरा कोरा ठेवायचा आणि विचारायचं, ‘कसं काढलंस?’ हे मी वहीत लिहून घेतलं. तिसरी गोष्ट मात्र लिहिता लिहिता माझा हात थांबला.

“वर्गात ‘समजलं?’ असं कधीच विचारू नका,” तो म्हणाला. “मूल ‘हो’च म्हणतं. मुलाला काही समजलेलं नसतं आणि आपल्यालाही काही समजत नाही.”

बावीस शिक्षकांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी पाण्याची बाटली उघडली आणि तहान नसताना अर्धी संपवली.

मुख्याध्यापिका लगेच म्हणाल्या, की या आठवड्यात प्रत्येकाचा एक तास प्रशिक्षक स्वतः बसून पाहतील. माझा बुधवारचा, तिसरा. विषय अपूर्णांक. सव्वा, दीड, अडीच, पावणे ही सगळी मंडळी. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. पावणे हा माझा लाडका. सोप्या आकड्यांत सगळीच पोरं पास होतात. कोणाचं डोकं किती चालतं ते पावण्यात कळतं, असं मी नेहमी म्हणायची. माझ्या तोंडी चाचणीत दहा प्रश्नांतले पाच-सहा तरी पावणेवाले असायचे.

आणि या चाचण्यांवरूनच त्या आठवड्यात माझ्या टेबलावर एक फॉर्म पडला होता. लागोपाठ तीन तोंडी चाचण्यांत पाचपेक्षा कमी गुण मिळाले, की मुलाला गणिताच्या तासाला आधार वर्गात पाठवायचं, असा आमचा नियम आहे. तळमजल्यावर, पाण्याच्या टाकीशेजारची खोली. कागदोपत्री ती तात्पुरती सोय आहे. पण तिथे गेलेलं मूल वर परत आलेलं मला तरी आठवत नाही. यंदा माझ्या वर्गातून एकच नाव होतं. चार, तीन, चार. फॉर्म मी भरून ठेवला होता, घरी तसं कळवलंही होतं, सही तेवढी राहिली होती, आणि शुक्रवारी तो मुख्याध्यापिकांकडे द्यायचा होता.

तिला वर्गात सगळे रीळ म्हणतात. आई शिवणकाम करते, त्यामुळे हिच्या अंगावर कुठे ना कुठे दोऱ्याचं टोक चिकटलेलं असतंच. अक्षर मोत्यासारखं, पाढे तोंडपाठ, तासाला टक लावून बघणारी. अशी मुलगी नापास कशी होते याचा मी थोडा विचार केला होता. मग असतात काही मुलं अशी, म्हणून सोडूनही दिला होता.

सोमवारी शाळा सुटल्यावर तिची आई फाटकाशी उभी होती. गळ्यात टेप तसाच होता, काढायचा राहून गेलेला.

“बाई, तिला खाली नका पाठवू,” ती म्हणाली. “कालपासून जेवली नाही धड. म्हणते, खालच्या खोलीत गेलं की सगळे ढ म्हणतात.”

“अहो, कोणी नाही म्हणत. तिच्या भल्यासाठीच आहे.”

“पण घरी ती मला सगळी मापं लिहून देते. तीन वर्षं झाली. एक माप चुकलेलं नाही. चुकलं असतं तर गिऱ्हाइकांनी मला सोडलं असतं का?”

आई म्हटली की अशीच बोलणार. माझ्यासमोर आजवर एकही आई अशी आलेली नाही, की जिचं मूल घरी हुशार नसतं. मी म्हटलं, “मापं लिहिणं वेगळं आणि गणित वेगळं. तिला गणित येत नाही, हे आता मान्य करायला हवं.” माझा आवाज मऊ होता, याची मला खातरी आहे. मऊ आवाजात मी हे वाक्य पुष्कळ आयांना सांगितलेलं आहे.

बुधवारी तिसऱ्या तासाला सातमोजे वही घेऊन शेवटच्या बाकावर बसले. मी फळ्यावर तारीख घातली, सव्वा समजावला, दीड समजावला आणि वळून म्हटलं, “सम...”

शब्द तसाच गिळला. वर्ग ‘हो बाई’ म्हणायला तोंड उघडून बसलेला. “लक्षात आलं?” मी म्हटलं. मागे सातमोज्यांनी हळूच मान हलवली. “म्हणजे, कळलं ना?” पुन्हा मान. “ठीक आहे?” मी जवळजवळ विनवणी केली. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. स्वतःच्या स्वयंपाकघरातले डबे कोणीतरी इकडचे तिकडे करून ठेवावेत, तशी माझी गत झाली होती. हात जाईल तिथे वेगळंच काही लागत होतं.

मग मी उत्तर वहीत लिहायला सांगून प्रश्न विचारला. “पावणेदोनशे म्हणजे किती?” आणि सात मोजायला लागले. एक. दोन. तीन. वर्गात इतकी शांतता मी परीक्षेतही ऐकलेली नाही. चारला पंख्याचा कुरकुर आवाज ऐकू यायला लागला. पाचला खिडकीपाशी बसलेली एक मुलगी घाबरीघुबरी होऊन उठली. “बाई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?”

“मी मोजतेय,” मी म्हटलं.

“काय, बाई?”

“गप्प बस.”

सात झाले. पहिल्या बाकावरचा चष्मिस, माझा हुकमी एक्का, त्याने हात वर केला आणि बरोबर उत्तर दिलं. एकशे पंच्याहत्तर. एरवी मी ‘शाब्बास’ म्हणून पुढे गेले असते. पण चेहरा कोरा ठेवला आणि विचारलं, “कसं काढलंस?”

तो पांढराफटक पडला. “दोनशे पंचवीस,” तो म्हणाला.

“अरे, मी फक्त विचारलं, कसं...”

“एकशे पंचवीस!”

आणि मग सगळ्या वर्गात नुसता गोंधळ. माझ्या वर्गात बाईंनी पुन्हा विचारलं म्हणजे उत्तर चुकलं, हा मुलांचा वर्षानुवर्षांचा अनुभव. सगळ्यांनी आपापली उत्तरं खोडली. दीडशे आलं, अडीचशे आलं, एकाने तर पावणेदोनशेच उत्तर म्हणून सांगितलं. मी एकेकाला ‘कसं, कसं’ विचारत गेले. ज्यांचं उत्तर आधी बरोबर होतं त्यांनीसुद्धा हेच सांगितलं, की पाठ आहे, बाई. दुसरं काहीच नाही. बरोबर उत्तरामागे असं काहीच नसतं का? मग मी इतकी वर्षं कशावर बरोबरची खूण करत होते?

एका वहीत मात्र खाडाखोड नव्हती. रीळची वही. तिथे दोनशे पंच्याहत्तर लिहिलेलं होतं आणि ते तिने एवढ्या गदारोळातही बदललं नव्हतं.

“तू कसं काढलंस?” मी विचारलं. तेव्हा माझा चेहरा कोरा होता तो नव्या पद्धतीमुळे नव्हे, थकल्यामुळे.

ती उभी राहिली. “बाई, सव्वादोनशे म्हणजे दोनशेच्या वर पंचवीस. अडीचशे म्हणजे दोनशेच्या वर पन्नास. मग पावणेदोनशे म्हणजे दोनशेच्या वर पंच्याहत्तर.”

“नाही गं. पावणेदोनशे म्हणजे दोनशेला पंचवीस कमी.”

“पण का?”

“का म्हणजे?”

“सव्वा वर चढतो. साडे वर चढतो. मग पावणे एकटाच खाली का उतरतो? तुम्ही सांगितलं होतं की पाऊण म्हणजे तीन पाव. मी तीन पाव मिळवले.”

मी तोंड उघडलं. मग घड्याळ आठवलं. “पावणेदहा वाजले म्हणजे किती वाजले?”

“आमच्या घरी आकड्यांचं घड्याळ आहे, बाई. त्यात नऊ पंचेचाळीस येतं. पावणे येतच नाही.”

वर्ग माझ्याकडे बघत होता. मी खडू उचलला आणि परत ठेवला. कारण तो का खाली उतरतो, हे मला खरोखरच माहीत नव्हतं. कधी प्रश्नच पडला नव्हता. तो उतरतो, मला लहानपणी तसं सांगितलं, मी पुढे सांगितलं. आणि समोर उभी असलेली मुलगी, जिला गणित येत नाही असं मी परवाच तिच्या आईला समजावून सांगितलं होतं, ती एकटीच विचार करून उत्तर काढत होती.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडून त्या वर्गात पहिल्यांदा निघालं असावं. घंटा झाली तेव्हा मला रडू येईल की काय असं वाटत होतं.

बाहेर व्हरांड्यात सातमोजे माझी वाट बघत थांबले होते. मी त्यांना बोलूच दिलं नाही. “तासाचा बट्ट्याबोळ झाला, मला दिसतंय. लिहा काय लिहायचं ते.”

“मॅडम, फार चांगला तास झाला,” ते म्हणाले.

थट्टा करताहेत का? तसं वाटत नव्हतं. “मुलांनी बरोबर उत्तरं खोडली,” मी म्हटलं, “मला एका प्रश्नाचं उत्तर आलं नाही, आणि जिची चूक होती ती शेवटपर्यंत चुकीचीच राहिली. यात चांगलं काय झालं?”

“तिची चूक कुठे आहे ते आता तुम्हाला माहीत आहे.”

“बरं, मग पावणे खाली का उतरतो? सांगा.”

त्यांनी पेनाने डोकं खाजवलं. “मी विज्ञानाचा आहे, मॅडम.”

शिक्षक खोलीत मी सगळ्यांना विचारून पाहिलं. चित्रकलेचे सर म्हणाले, रूढी. शारीरिक शिक्षणाच्या बाई म्हणाल्या, तसंच असतं ते. कोणालाच माहीत नव्हतं आणि माहीत नसल्याचं कोणाला काही वाटतही नव्हतं. मी कपाटातून रीळच्या तिन्ही चाचण्या काढल्या. पावणे नसलेलं तिचं उत्तर सहसा चुकलेलं नव्हतं. पावणे असलेलं एकही बरोबर नव्हतं, आणि प्रत्येक ठिकाणी चूक तीच. तीन पाव मिळवलेले. चार महिने ही मुलगी मला एकच गोष्ट सांगत होती आणि मी लाल पेनाने फुल्या मारत बसले होते. स्वतःचा इतका राग मला पूर्वी कधी आला नव्हता.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या आईच्या दुकानात गेले. फॉर्मबद्दल काय सांगायचं ते ठरलेलं नव्हतं. काहीतरी सांगायला हवं, एवढंच.

दुकान म्हणजे दोन खणांची खोली. दाराशी शिवणयंत्र, मागे कापायचं टेबल, भिंतीवर हँगरना लटकवलेले अर्धे शिवलेले कपडे आणि जमिनीवर चिंध्यांचा थर. एक जाडजूड गृहस्थ दोन्ही हात पसरून मधोमध उभे होते आणि रीळची आई त्यांच्याभोवती टेप घेऊन फिरत होती. शेजारच्या यंत्रावर दुसरी एक बाई खडखडाट करत पडदे शिवत होती. रीळ स्टुलावर, मांडीवर मापांची वही.

“या, बाई, बसा,” आई म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या. “एवढं एक माप झालं की आलेच. लिही गं. छाती साडेचव्वेचाळीस. गळा सव्वासतरा. बाही पाव उणे पंचवीस.”

मी रीळच्या खांद्यावरून वहीत डोकावले. बाहीपुढे तिने चोवीस लिहिलं, त्याला चिकटून तीन-चतुर्थांश. अगदी बरोबर.

“काय म्हणालात तुम्ही?” मी विचारलं.

“कुठे?”

“बाही. किती म्हणालात?”

“पाव उणे पंचवीस.” तिने टाचण्या काढून हातावरच्या उशीत टोचल्या. “म्हणजे पाव इंच कमी. मी ज्यांच्याकडे कापायला शिकले ना, त्या मास्तरांची बोली आहे ही. पावणे म्हणू द्यायचे नाहीत. यंत्राच्या आवाजात पावणे म्हटलं की बावन्न ऐकू येतं आणि कापड वाया जातं, म्हणायचे. म्हणून पाव उणे. मोकळं मोकळं.”

“म्हणजे पावणेपंचवीस...”

“तेच की, बाई. वेगळं कुठे आहे? पाव उणे, पाव उणे. घाईत म्हणून बघा.”

मी म्हणून बघितलं. पाव उणे. पावुणे. पावणे. हात पसरून उभे असलेले गृहस्थही ओठ हलवत होते. “अरेच्चा,” ते म्हणाले, “साठ वर्षांचा झालो की मी!”

रीळची पेन्सिल थांबली होती. “आई, ते दोन्ही एकच आहे?”

“एकच म्हणजे काय? तुला काय वाटलं?”

“मला वाटलं, पाव उणे दुकानातलं आणि पावणे शाळेतलं.”

आईने कपाळावर हात मारला. मला मारावासा वाटला तो स्वतःच्या. उणे! बेरीज-वजाबाकी शिकवताना दिवसातून दहादा वापरते तो शब्द त्या आकड्याच्या पोटात बसलेला होता. पाऊण म्हणजे तीन पाव हे मी घोकून घेत होते. पाऊण म्हणजे पाव उणे एक, हे कधी कानावरच पडलं नव्हतं. ही बाई शाळेत किती शिकली असेल मला माहीत नाही, पण माझ्या सव्वीस वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर तिने टाचण्या टोचता टोचता दिलं होतं.

“मग नावातच लिहिलंय की, कमी म्हणून,” रीळ म्हणाली. “एकोणीससारखं. त्यात पण एक उणा असतो ना, बाई?”

ते मला आता तिच्याकडून कळत होतं. मी मान डोलावली. लाज वाटत होती, आनंदही होत होता, आणि त्यातलं कुठलं जास्त होतं ते सांगता आलं नसतं.

“बाई, फॉर्मचं काय?” आईने हळूच विचारलं.

“मी बघते,” म्हटलं. “चूक माझी होती.” हे म्हणताना वाटलं तितकं अवघड गेलं नाही.

मुख्याध्यापिका नियमाला पक्क्या. तीन चाचण्यांचे गुण कागदावर आहेत, ते खोडता येणार नाहीत, म्हणाल्या. पण शेवटी शुक्रवारी सकाळी त्यांच्यासमोर नवी चाचणी घ्यायला तयार झाल्या. प्रश्न त्या स्वतः विचारणार, मी तोंड उघडायचं नाही. मी खुर्चीच्या कडेला बसले, पदर बोटाला गुंडाळत. रीळ टेबलासमोर ताठ उभी. पावणेतीन, पावणेचारशे, सव्वासहा, पावणेदोनशे. तिने दहातले नऊ सांगितले. दीडपटीत एकदा घसरली. ‘कसं काढलंस?’ असं मुख्याध्यापिकांनी विचारलं, तेव्हा तिने पाव उणेची सगळी गोष्ट सांगितली, मास्तर, बावन्न आणि वाया गेलेल्या कापडासकट. मुख्याध्यापिका ओठांतल्या ओठांत दोनदा काहीतरी पुटपुटल्या. मग त्यांनी फॉर्मवर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली.

मला इतकं हलकं वाटलं, की त्या कार्यालयातच मी तिला जवळ घेतलं. तिच्या बाहीवरचं पिवळ्या दोऱ्याचं टोक माझ्या पदराला चिकटलं.

आम्ही दोघी जिन्याकडे निघालो. वर वर्गातून पाढ्यांचा आवाज येत होता. रीळ पहिल्या पायरीवर थांबली.

“बाई, आधार वर्गातल्या मुलांना पण पावणे वरच चढतो असं वाटत असेल का?”

“का गं?”

“त्यांच्या आया शिवणकाम करत नाहीत ना. मग त्यांना कोण सांगणार?”

मी तिला वर पाठवलं आणि तिथेच उभी राहिले. गेल्या वर्षी तीन. त्याच्या आधी दोन, की चार? मला आकडा आठवेना. मऊ आवाजात सांगितलेली वाक्यं तेवढी आठवत होती. शेवटी जिना न चढता मी पाण्याच्या टाकीकडे वळले.

आधार वर्गाचं दार उघडंच होतं. तिथल्या बाई कोपऱ्यात वह्या तपासत होत्या. पाचवी ते सातवीची नऊ मुलं, प्रत्येकासमोर बेरजांचा छापील कागद. त्यांतली पाच माझ्या सहीने आलेली होती. खिडकीशी सातवीतली एक उंच मुलगी बसली होती. ती मला लगेच आठवली. माझ्या वर्गात असताना सारखी हात वर करायची. दोन वर्षांत बरीच वाढली होती.

“मी एक प्रश्न विचारू का?” मी म्हटलं. “पावणेदोनशे म्हणजे किती?”

“दोनशे पंच्याहत्तर,” ती उंच मुलगी चटकन म्हणाली. माझ्या सहीने आलेल्या चौघांनी माना डोलावल्या.

मी भलतीच खूश झाले. मूर्खासारखी खूश झाले. चूक कुठे आहे ते माहीत होतं, ‘उणे’ जिभेवर तयार होतं, आता फक्त तिने सांगायचं होतं, की सव्वा वर चढतो, साडे वर चढतो. मी तिच्या बाकापाशी जाऊन विचारलं, “कसं काढलंस?”

तिने माझ्याकडे बघितलं. तिला माझा प्रश्न कळलेला दिसत नव्हता. मग तिच्या लक्षात आलं, की मी विसरले असणार, आणि तिने मला नीट समजावून सांगितलं.

“कसं म्हणजे? मला गणित येत नाही, बाई. तुम्हीच नाही का आईला सांगितलं होतं?”